साठ्यात लोह भरपूर, तरी रक्त वाढेना: दाह आणि सूक्ष्म खनिजं

उसाच्या खोडव्यावर केवडा पडला की शिरोळ-हातकणंगल्याकडचा शेतकरी आधी कोवळी पानं बघतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, किंवा अख्खं पानच फिकं पडलेलं असलं, की लोह कमी पडलंय हे त्याला कळतं. पण जुन्या जाणत्या शेतकऱ्याला पुढचंही माहीत असतं. जमिनीत लोह नसतंच असं नाही. चुनखडीच्या रानात ते असतं, फक्त मुळाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. म्हणून तो हिराकस, म्हणजे लोहाचं खत, नुसती फेकत नाही. शेणखतात मुरवून देतो, नाहीतर पानावर फवारतो.

माणसाच्या शरीरातही असंच होतं. लोह, जस्त, तांबं, सेलेनियम ही खनिजं शरीरात किती आहेत हा एक प्रश्न झाला. ती कुठे आहेत, कुठे अडकली आहेत आणि गरजेच्या जागी पोहोचतात का, हा दुसरा. दाह समजून घ्यायचा तर हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. औषधाच्या दुकानातल्या बाटल्यांवर मात्र पहिल्याच प्रश्नाचं उत्तर छापलेलं असतं: "जस्त आणि सेलेनियमयुक्त, सूज कमी करते, प्रतिकारशक्ती वाढवते." मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि अशा बाटल्या पिशवीत घेऊन येणारी माणसं मला सतत भेटतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रमाण बघू. रोज शंभर मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतात त्या खनिजांना सूक्ष्म खनिजं म्हणतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात येत नाहीत, ती जास्त लागतात. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह तीन-चार ग्रॅम, जस्त दोन-तीन ग्रॅम आणि तांबं साधारण शंभर मिलिग्रॅम असतं. आयोडिन तर पंधरा-वीस मिलिग्रॅमच, आणि त्यातलं बहुतेक गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत. सेलेनियमही तितपतच. एवढ्याशा ऐवजावर शेकडो रासायनिक क्रिया चालतात. एकट्या जस्तावर अवलंबून असलेली एन्झाइम्सच, म्हणजे या क्रिया घडवून आणणारी प्रथिनंच, तीनशेहून जास्त आहेत.

आता दाह. तालमीत पोराचा घोटा मुरगळला की तासाभरात तो सुजतो, लाल होतो, गरम लागतो आणि ठणकतो. ही शरीराची दुरुस्ती असते. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात, इजा झालेला भाग साफ करतात आणि जंतू आत शिरले असतील तर त्यांना मारतात. जंतू मारायला या पेशी प्राणवायूपासून अतिशय जहाल रेणू तयार करतात. त्यातला पहिला सुपरऑक्साइड. तो जंतूला झोंबतो तसा आपल्या पेशींनाही झोंबतो. त्यामुळे काम उरकलं की हे रेणू ताबडतोब निकामी करावे लागतात आणि दाह विझावा लागतो. चार-आठ दिवसांत घोटा पूर्ववत झाला, तर दाहाने आपलं काम नीट केलं असं समजायचं.

त्रास होतो तो न विझणाऱ्या दाहाचा. आमवातात तो सांध्यात महिनोन्महिने चालू राहतो. पोटाचा घेर वाढलेल्या माणसाच्या चरबीत, मिश्री लावून लावून खराब झालेल्या हिरड्यांत, विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसात तो मंद आचेवर वर्षानुवर्षं असतो आणि जाणवतही नाही. रक्तातली सीआरपी ही तपासणी त्याचा माग काढते. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी या मंद दाहाचं नातं आता पक्कं मानलं जातं.

खनिजांचं काम दाह सुरू करण्यातही आहे आणि विझवण्यातही. जाहिरातीत फक्त विझवण्याचं येतं. पांढऱ्या पेशी ज्या एन्झाइमने सुपरऑक्साइड बनवतात, त्यात लोह असतं. तो निकामी करणारं एन्झाइम म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याचं हे काम अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शास्त्रज्ञ जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं. पेशीच्या द्रवात या एन्झाइमचं जे रूप असतं, त्यात तांबं आणि जस्त दोन्ही लागतात: प्रत्यक्ष क्रिया तांबं करतं आणि जस्त प्रथिनाची घडण सांभाळतं. पेशीची ऊर्जा जिथे तयार होते त्या मायटोकाँड्रियातल्या रूपात मँगनीज असतं. सुपरऑक्साइडपासून मग हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तेही तसंच सोडून चालत नाही. त्याचं पाणी करायला एक लोहाचं एन्झाइम आहे, कॅटलेज, आणि दुसरं सेलेनियमचं, ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज. यातलं दुसरं सेलेनियमवर चालतं हे १९७३ मध्ये कळलं.

यातलं एखादं खनिज कमी पडलं की साखळीतली तेवढी कडी मंदावते आणि दाह लांबतो. पण सगळी खनिजं पुरेशी असताना आणखी ओतली म्हणून साखळी दुप्पट वेगाने चालत नाही. एन्झाइममध्ये एका अणूची जागा असेल तर तिथे एकच अणू बसतो. ज्याला खनिजं आधीच पुरेशी आहेत त्याला गोळी देऊन दाह उतरेल ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. कमतरता भरून काढण्याचा गुण मात्र खरोखर मोठा असतो. जस्ताच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं.

माणसाला जस्त कमी पडू शकतं, हे दाखवलं ते मूळच्या बिहारच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. १९५८ मध्ये ते इराणमधल्या शिराझला काम करत होते. तिथे त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. उंची खुंटलेली, वयात आल्याची एकही खूण नाही, रक्त अगदी कमी. खाणं जवळजवळ नुसत्या रोटीचं, आणि मातीही खायचा. तशी आणखी मुलं सापडली. पुढे इजिप्तमध्ये तपासण्या झाल्या, तेव्हा अशा मुलांच्या अंगात जस्त कमी असल्याचं आढळलं आणि जस्त दिल्यावर ती वाढू लागली. त्या काळात बऱ्याच तज्ज्ञांना हे पटायला जड गेलं, कारण जस्त सगळीकडेच असतं मग कमी कसं पडेल, असा त्यांचा सवाल होता. उत्तर त्या रोटीतच होतं. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो जस्त आणि लोह धरून ठेवतो आणि आतड्याला घेऊ देत नाही. पुन्हा तेच: आहे, पण मिळत नाही.

दाहाशी जस्ताचा संबंध दोन बाजूंनी येतो. एक तर पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी तयार व्हायला आणि तरबेज व्हायला जस्त लागतं. ते कमी असलं की जंतूंशी झुंज लांबते, आणि झुंज लांबली की दाहही लांबतो. दुसरी बाजू पेशीच्या आतली आहे. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन जागं झालं की टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे दाहाचे निरोप सुटतात. जस्ताच्या मदतीने तयार होणारं ए-२० नावाचं प्रथिन त्याला आवर घालतं. प्रसाद यांच्याच गटाने २००७ मध्ये पंचावन्न ते सत्याऐंशी वयाच्या पन्नास जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना वर्षभर जस्त दिलं, त्यांना संसर्ग कमी झाले आणि त्यांच्या रक्तातलं टीएनएफ-अल्फाही उतरलं. अभ्यास लहान आहे. शिवाय म्हातारपणी खाणं कमी होतं, म्हणजे त्यातल्या अनेकांना जस्त आधीच कमी पडत असण्याची शक्यता मोठी. हा आकडा बघून तिशीतल्या धडधाकट माणसाने गोळी सुरू करावी असं त्यातून निघत नाही.

जस्ताचा सर्वांत भरवशाचा उपयोग मात्र लहान मुलांसाठी आहे, आणि तो प्रत्येक आईला माहीत हवा. जुलाब झाले की ओआरएससोबत जस्त द्या, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज वीस मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर दहा, आणि तेही दहा ते चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि घरातली माणसं गोळी बंद करतात. तसं करू नका. आतड्याचं अस्तर दुरुस्त व्हायला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होऊ नयेत म्हणून उरलेले दिवस महत्त्वाचे असतात.

आता लोहाकडे येऊ. सगळ्यात जास्त गोंधळ याच खनिजाबद्दल आहे.

कागलकडच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी मूठ वळायची नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून कुणीतरी लोहाच्या गोळ्या सांगितल्या होत्या. "म्याडम, गोळ्या खातोय की मी, एक दिवस चुकवलो न्हाई," त्या म्हणाल्या, "तरी रगात वाढंना झालंय बघा. वर पोट निस्तं दगडागत झालंय." सुनेने पिशवीतून रिपोर्ट काढले. हिमोग्लोबिन ९.४. रक्तातलं लोह कमी. पण फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, २१२. आणि सीआरपी ३८, जे निरोगी माणसात साधारण पाचाच्या आत असायला हवं. सुनेला कोडं पडलं होतं. साठा भरलेला आहे, मग रक्तात लोह का नाही?

याचं उत्तर हेप्सिडिन. हे यकृतात तयार होणारं छोटंसं संप्रेरक २००० च्या सुमारास सापडलं आणि लोहाबद्दलची समजूतच बदलली. आतड्यातून रक्तात आणि साठ्यातून रक्तात लोह ज्या एकाच वाटेने येतं, त्या वाटेवर फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन असतं. हेप्सिडिन वाढलं की ते ही वाट बंद करतं. आणि हेप्सिडिन वाढतं कशाने? शरीरात लोह पुरेसं असलं तर वाढतंच, पण दाह असला तरीही वाढतं, कारण इंटरल्यूकिन-६ यकृताला तसा निरोप देतं. म्हणजे अंगात दाह चालू असेपर्यंत आतडं गोळीतलं लोह घेत नाही आणि साठ्यातलं लोह बाहेर पडत नाही. गोळी तशीच पुढे सरकते, शौच काळी होते, पोट बिघडतं. रक्त वाढत नाही.

शरीर हे वेड्यासारखं करत नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. संसर्ग झाला की त्यांना लोह मिळू नये म्हणून ते लपवून ठेवणं हा आपल्या पूर्वजांपासून चालत आलेला बचाव आहे. जस्ताच्या बाबतीतही तसंच घडतं: आजारपणात रक्तातलं जस्त उतरतं, कारण यकृत ते ओढून घेतं. पूमध्ये पांढऱ्या पेशींचं कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, ते जस्त आणि मँगनीज घट्ट पकडून ठेवतं आणि जंतूंना उपाशी मारतं. आतड्याच्या दाहासाठी शौचाची जी कॅलप्रोटेक्टिन तपासणी करतात ती याच प्रथिनाची. तांबं मात्र उलट वागतं, दाहात ते रक्तात वाढतं. चार-आठ दिवसांच्या तापात हा बचाव कामाचा असतो. आमवातासारखा दाह वर्षानुवर्षं चालला की तोच अंगाशी येतो.

मावशींना संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांचा दाह औषधांनी आटोक्यात आला तसं हिमोग्लोबिन हळूहळू वर सरकू लागलं, त्या वेळी लोहाची गोळी बंदच होती. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. अनेकांना दोन्ही असतं, खरी कमतरता आणि दाहही, आणि मग रिपोर्ट वाचणं अवघड होतं, कारण दाहात फेरिटिन फुगतं. निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन पंधराच्या खाली गेलं तर लोह कमी आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पण अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर हीच रेषा सत्तरपर्यंत वर न्यावी असंही सांगते. म्हणून नुसतं फेरिटिन बघून "लोह भरपूर आहे" म्हणू नये, आणि नुसतं हिमोग्लोबिन बघून महिनोन्महिने गोळ्याही खाऊ नयेत. फेरिटिन, सीआरपी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह बसलंय ते) या तिन्ही तपासण्या एकत्र बघाव्यात.

संसर्ग असताना बाहेरून लोह ओतणं किती अंगलट येऊ शकतं, हे टांझानियातल्या पेम्बा बेटावर दिसलं. तिथे हिवताप खूप. लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अॅसिड देऊन पाहिलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गोळ्या घेणाऱ्या मुलांमध्ये गंभीर आजारपण आणि मृत्यू वाढले, त्यामुळे प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. आपल्याकडे गरोदर बायकांना आणि किशोरी मुलींना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या यामुळे वाईट ठरत नाहीत. तिथे कमतरता खरी आणि मोठी आहे, त्या जरूर घ्याव्यात. हेप्सिडिनच्या अभ्यासातून त्यांच्याबद्दल एक कामाची गोष्टही कळली आहे: एक गोळी घेतली की जवळजवळ दिवसभर हेप्सिडिन वर राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. म्हणून काही डॉक्टर आता गोळी दिवसाआड सांगतात. गरोदरपणात मात्र हे स्वतःहून ठरवू नका.

तांब्याबद्दल कोल्हापुरात जिव्हाळा आहे आणि गैरसमजही आहेत. मनगटात तांब्याचं कडं घालून सांधेदुखी जाते असं मानणारे घरोघरी सापडतील. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये आमवाताच्या सत्तर रुग्णांवर हे नीट तपासून पाहिलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत खरं कडं आणि नकली कडं यांत दुखण्याच्या किंवा सुजेच्या बाबतीत फरक आढळला नाही. हौसेने घाला, पण त्याच्या भरवशावर औषध सोडू नका. तांब्याच्या कळशीतलं साधं पाणी निरोगी माणसाला चालतं. ताक, लिंबू सरबत किंवा चिंचेचं काही मात्र कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नये, आंबटाने तांबं सुटतं. आपल्या देशात लहान बाळांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार होता. तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं दूध बाळांना लवकर सुरू करण्याशी त्याचा संबंध आहे, हे १९८० च्या दशकात पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर दाखवलं. घरात स्टील आलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला.

तांबं कमी पडण्याची एक वाट हल्ली नव्याने तयार झाली आहे, आणि ती जस्ताच्या बाटलीतून जाते. जस्त जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन वाढवतात. ते तांब्याला जस्तापेक्षा घट्ट धरतं आणि पेशी झडली की तांबंही तिच्याबरोबर शौचावाटे जातं. महिनोन्महिने असं चाललं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात आणि चाल बिघडते. जोर-बैठका मारणारी पोरं व्यायामाच्या नावाखाली रोज पन्नास मिलिग्रॅम जस्त घेताना दिसतात, त्यांची मला काळजी वाटते. घामातून जस्त जातं हे खरं आहे, पण ते भरून काढायला मटणाच्या दोन फोडी जास्त घेतल्या तरी भागतं.

सेलेनियमची हद्द तर फारच अरुंद. चीनमधल्या केशान परगण्यात हृदयाचा स्नायू निकामी करणारा एक आजार होता. तिथल्या मातीत सेलेनियम अगदी कमी, त्यामुळे धान्यातही कमी. सेलेनियम द्यायला लागल्यावर तो आजार ओसरला. दुसरं टोक आपल्या महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं. २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन तपासण्या केल्या आणि बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस आणि नखं जाणं ही सेलेनियम अति झाल्याची ठळक लक्षणं आहेत. अमेरिकेत पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर सेलेनियमच्या गोळ्यांची मोठी चाचणी झाली, ती २००८ मध्ये थांबवली गेली, कारण प्रोस्टेटचा कर्करोग टळत नव्हता. ज्यांच्या अंगात आधीच पुरेसं होतं, त्यांना आणखी देऊन काही हाती लागलं नाही. सेलेनियमची वेगळी गोळी घ्यावी असं मला कुणालाच सांगावंसं वाटत नाही.

मग ताटात काय? आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज सतरा मिलिग्रॅम आणि बाईला साधारण तेरा मिलिग्रॅम जस्त लागतं. लोह पुरुषाला एकोणीस आणि पाळी येणाऱ्या बाईला एकोणतीस मिलिग्रॅम. अमेरिकेतले आकडे याहून बरेच कमी आहेत, कारण आपल्या ताटात धान्य-कडधान्य जास्त आणि त्यात फायटेटही जास्त. ते गृहीत धरूनच आपले आकडे ठरवलेले आहेत.

फायटेटवरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. मिसळीची मटकी रात्रभर भिजते, फडक्यात बांधली जाते, तिला मोड येतात. मोड येताना बियाण्यातलं फायटेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि फायटेट तोडायला लागतं, लोह-जस्त मोकळं होतं. वर लिंबू पिळलं की त्यातलं सी जीवनसत्त्व लोहाचं शोषण आणखी वाढवतं. कांदा आणि लसूण यांच्याबद्दल म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की धान्य-कडधान्यांबरोबर ते असले तर लोह आणि जस्त जास्त प्रमाणात उपलब्ध होतं. तो प्रयोग प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करून केलेला आहे, प्रत्यक्ष माणसांवरचा नाही. तरी कांदा-लसूण चटणीशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्या आपल्याला तो मोलाचा वाटावा. मिसळीवर लगेच चहा घेण्याची सवय मात्र सगळ्यावर पाणी फिरवते. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. चहा सोडायची गरज नाही, तासभर थांबलं तरी पुष्कळ फरक पडतो. आणि पाव मैद्याचा असतो, खनिजं मटकीत असतात. तेव्हा दुसरा पाव मागण्यापेक्षा मटकी जास्त मागा.

रेणुकेच्या आंबील यात्रेतली आंबील-घुगऱ्यांची शिदोरीही याच जातीची. आंबवण्याने फायटेट उतरतं, नाचणीतलं लोह थोडं जास्त हाती लागतं. इडली-डोशाच्या पिठालाही तेच लागू आहे. उलट, सोड्याने फुगवलेल्या पिठात हे घडत नाही.

मटण खाणाऱ्यांचं काम सोपं. शंभर ग्रॅम मटणात चार मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असतं, आणि त्यातलं लोह फायटेटच्या किंवा चहाच्या तावडीत सहसा सापडत नाही. पण आजाऱ्याला नुसतं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, पाजून "ताकद येईल" म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. पातळ, गरम, चवदार म्हणून ते पोटात जातं हे चांगलंच, पण लोह आणि जस्त त्या पाण्यात फार उतरत नाही. ते फोडीत राहतं. मऊ शिजवलेल्या दोन फोडी त्याच्याबरोबर गेल्या पाहिजेत. काळजात लोह आणि तांबं दोन्ही भरपूर, आठवड्यातून एकदा थोडं खाल्लं तरी पुरे. पांढऱ्या रश्श्यातले तीळ आणि काजू जस्त-तांब्याचे चांगले स्रोत आहेत. शाकाहारी घरात तेच काम तिळाची आणि कारळ्याची चटणी, हरभरे, राजगिरा करतात. आजीच्या लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर लोह उतरतं हे अनेक अभ्यासांत मोजलं गेलं आहे, ती माळ्यावरून खाली काढायला हरकत नाही.

गुळाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण शाहूपुरीतल्या गूळ बाजाराचा अभिमान मलाही आहे. पण दहा ग्रॅमच्या खड्यातून लोह मिळतं ते एक मिलिग्रॅमच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. एकोणतीसची गरज खड्याने भागत नाही, आणि साखर मात्र पूर्ण पोटात जाते. चवीसाठी खा, रक्त वाढवायला त्यावर विसंबू नका. मुलांच्या बाबतीत दुधाचं तसंच. गंगावेशीतलं धारोष्ण दूध कॅल्शियमला उत्तम, लोहाला जवळपास शून्य. दिवसभर दुधावर राहणारं दोन वर्षांचं मूल गुटगुटीत दिसूनही रक्ताने कमी असतं.

आणि हे सगळं नीट केलं तरी मिश्री, तंबाखू, पोटाचा घेर आणि अपुरी झोप यांनी पेटवलेला दाह खनिजांनी विझत नाही. तो पेटवणारं कारणच काढावं लागतं.

गोळी घ्यायचीच वेळ आली तर बाटलीवरचा आकडा नीट वाचा. झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण त्यात प्रत्यक्ष जस्त साधारण पन्नासच असतं. आणि तेवढंही निरोगी मोठ्या माणसाच्या रोजच्या चाळीस मिलिग्रॅमच्या वरच्या मर्यादेपेक्षा जास्तच आहे. मल्टिव्हिटामिन, केसांची गोळी आणि प्रतिकारशक्तीची गोळी अशा तीन वेगवेगळ्या बाटल्यांत तेच जस्त आणि तेच सेलेनियम पुन्हा पुन्हा असतं, त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्या बरोबर न्या. जस्त आणि लोह एकाच वेळी गिळू नका, ते आतड्यात एकमेकांच्या आड येतात. आणि हिमोग्लोबिन थोडं कमी, लाल पेशी लहान, पण फेरिटिन व्यवस्थित असं घरातल्या दोघा-तिघांचं असेल, तर लोहाची गोळी सुरू करण्याआधी थॅलेसिमिया मायनर या रक्तातल्या आनुवंशिक दोषाची तपासणी करून घ्या. एचबी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या नावाने ती होते, आणि लग्न ठरत असलेल्या मुलामुलींनी तर ती करायलाच हवी.